चौथा दांडा

आमच्या घरात माझ्याइतकं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, हिच्या तोंडाला झाकण कुठं मिळालं तर बघा. मी बोलले म्हणून या घराचं कधी वाटोळं झालं नाही. एकदा मात्र बोलले नाही, त्याचं हे सांगते आहे.

आमचे मालक फौजेत ड्रायव्हर होते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांची गाडी सुरुंगावर गेली आणि डावा पाय गुडघ्याखाली तुटला. पुण्याला कितीतरी महिने राहून, लाकडी पाय लावून ते गावी आले. आमचं गाव कडेगावापासून आत, ओढा ओलांडून. ते आले त्या दिवशी लोक हलगी घेऊन फाट्यावर थांबले होते, तर हे आधीच्या थांब्यावर उतरून बांधाबांधानं घरी आले. चालताना कुणी बघू नये म्हणून. पुढं सवयीनं इतकं झालं, की पँट घालून चालले तर परक्याला वाटावं, पाय जरा अवघडलाय. पण बैलगाडीत कुणी हात देऊन चढवलं की त्यांचा चेहरा उतरायचा. ज्या माणसानं बर्फातनं ट्रक चालवले, त्याला उसाच्या फडावर नेऊन सोडायचं आणि आणायचं.

दोन वर्षं ते सोप्यात बसून राहिले. एक दिवस जेवताना म्हणाले, "जीप घिऊया. मी चालवतो."

घास माझ्या हातात तसाच राहिला. सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं, मी दिराकडं, दिरानं ताटाकडं. फौजी माणसाला नाही म्हणायचं नाही, अशी रीतच पडली होती घरात. लढाईवरनं आलाय, मागंल ते द्या. सासरे म्हणाले, "घिऊ की."

सांगलीला एक मिस्त्री होता. लिलावात घेतलेल्या फौजेच्या जुन्या जीपा पार उघड्या करायचा आणि गिऱ्हाईक सांगेल तशा बांधून द्यायचा. आम्ही सगळे एस्टीनं गेलो. मला नेणार नव्हते, पण मी काय मागं राहते? त्याच्या आवारात सात-आठ सांगाडे उभे होते. शिंप्याकडं माप द्यावं तसं एकेक सांगायचं. हूड ताडपत्रीचं का पत्र्याचं, इंजिन पेट्रोलचं ठेवायचं का डिझेलचं बसवायचं, मागं बाकडी आडवी का समोरासमोर.

मग काय, घरची एकेक सांगायला लागली. सासऱ्यांना मागं दणकट हूक पाहिजे होता, ट्रेलर जोडून ऊस ओढायला. सासूबाईंना पत्र्याचं हूड पाहिजे, धुरळा नको. दिराला पुढची काच आडवी पडणारी पाहिजे. त्याचं लग्न ठरत होतं आणि वरातीत नवरदेव लोकांना दिसायला नको का! मी दिराला म्हटलं, पायरी खाली घ्या, नऊवारी नेसून त्या उंचीवर कोण चढणार, तुमची आई? यावर सासूबाईही हसल्या.

मालक तोवर एका जीपमध्ये जाऊन बसले होते. पाय आत घेताना त्यांनी तो हातानं उचलून ठेवला. मग स्टिअरिंगवर हात ठेवून आम्हाला बोलावलं आणि शिकवायला लागले. हा मोठा दांडा गिअरचा. त्याच्या शेजारचे दोन बारके बघा. ह्यानं पुढच्या चाकांना बी जोर मिळतो, ह्यानं जोर दुप्पट हुतो, चिखलातनं बी निघती गाडी. बाकीचं काय घालायचं ते घाला, पण फोरव्हील काढू देणार नाही, असं त्यांनी मिस्त्रीला बजावलं. ओढ्याला पाणी असलं तरी मी फडावर जाणार, म्हणाले. आणि हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा दात दिसले मला त्यांचे.

मिस्त्री बाजूला उभा होता. वयस्क माणूस, हात तेलानं काळे. तो त्यांच्या पायाकडं बघत होता. आमच्यापैकी कुणी काही सांगितलं नव्हतं, पण पाय हातानं उचलून ठेवलेला त्यानं बघितला होता.

"फौजी," तो साध्या आवाजात म्हणाला, "क्लचला हातानं वडायचा दांडा बसवू का? पायाचं काम हातानं हुतंय. आधी एकाला करून दिलाय."

मालकांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. काचेतनं पुढं बघत म्हणाले, "कुणासाठी?"

मिस्त्री म्हणाला, "आसू दे की बसवलेला. सोय आसती."

मालक तसेच स्टिअरिंग धरून बसले. सासरे, सासूबाई, दीर, सगळे माझ्याकडं बघायला लागले. घरात अवघड बोलायचं काम माझंच असायचं. जिभेवर आलं होतं, की बसवा, मी सांगते म्हणून बसवा. पण ते आत्ताच हसले होते. त्यांचा कान लाल झालेला मला दिसत होता. सासऱ्यांसमोर, परक्या माणसासमोर, त्यांना पाय नाही हे मी कोणत्या तोंडानं म्हणू? मी पदर सारखा केला आणि हिरवा रंग द्या म्हणाले. फौजेसारखा.

मिस्त्रीनं कागदावर हिरवा लिहिलं.

गाडी तयार झाल्यावर मिस्त्रीच्या माणसानं ती फाट्यापर्यंत आणली. तिथून मारुतीच्या देवळापर्यंत आपण चालवत नेणार, असं मालकांनी आधीच सांगितलं होतं. या वेळी त्यांनीच हलगीवाल्यांना बोलावलं. फौजेतला कोट घातला. देवळापाशी सगळा गाव जमला, बायका ओवाळायला ताटं घेऊन उभ्या. मीही पुढंच होते.

फाट्यापासून हिसके खात का होईना, गाडी आली. मला वाटलं, जमलं. मग देवळासमोर गर्दी बघून त्यांना गाडी हळू करावी लागली. हळू केली आणि ती बंद पडली. पुन्हा चालू केली, हिसका बसला, पुन्हा बंद. लाकडाच्या पायाला खाली काय आहे ते कळत नाही हो. किती दाबलाय, किती सोडायचाय, काहीच कळत नाही. तिसऱ्या वेळी तो पाय क्लचवरनं सटकला आणि गाडीनं उडी घेतली. बायका बाजूला पळाल्या. गाडी पाराला धडकून थांबली. चाकाखाली नारळाची टोपली गेली, बाकी कुणाला काही झालं नाही.

हलगी थांबली. कुणी हसलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं, पण कुणी हसलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "नवी गाडी हाय, जाम आसंल." सगळे म्हणाले, "व्हय व्हय, जाम आसंल."

दीर पुढं झाला. मालकांनी जागा सोडली. पण खाली उतरले नाहीत, आतूनच शेजारच्या सीटवर सरकायला लागले. मध्ये ते तीन दांडे. दोन्ही हातांनी मांडी धरून त्यांनी डावा पाय उचलला आणि सगळ्या गावासमोर त्या तीन दांड्यांवरनं पलीकडं ठेवला. पँट वर सरकली. आतलं लाकूड गावानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

त्यानंतर ते पुन्हा स्टिअरिंगच्या बाजूला बसले नाहीत. दीर चालवायचा, हे शेजारी. साताऱ्याला पेन्शनीच्या कामाला जायचे तेव्हा कधी मी मागं बाकड्यावर असायचे. चढ आला, दिरानं गिअर बदलायला हात घातला, की मालकांचा डावा गुडघा हळूच खाली जायचा. खाली क्लच नाही, नुसता पत्रा. प्रत्येक गिअरला जायचा. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी तोंडात पदर कोंबला.

पाच-सहा महिने असं बघितल्यावर मी भावाकडं जाते म्हणून एकटी सांगलीला गेले. मिस्त्रीनं मला ओळखलं. बाकाखालनं एक दांडा काढून दिला. गंज चढायला लागला होता. "तवाच करून ठिवलता," तो म्हणाला. "वाटलं, दोन दिसांत कुणीतरी यील." मग म्हणाला, "वयनी, तीन दांडे हायेतच आत. चौथा कुणाच्या ध्यानात आला आसता?"

तो दांडा जुन्या लुगड्यात गुंडाळून मी एस्टीनं घरी आणला. मालक सोप्यात होते. त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी फडकं सोडलं, दांडा उलटा-सुलटा करून बघितला, सांध्यावरनं अंगठा फिरवला.

"काम चांगलं केलंय," म्हणाले.

मी म्हटलं, "आवं, मग बसवून घिऊया. भावजी नेतील गाडी."

"आता नगं."

"का?"

त्यांनी दांडा मांडीवर आडवा ठेवला. मग म्हणाले, "त्या दिवशी का बोलली न्हाईस?"

"तुमाला राग आला आसता."

"आला आसता की." त्यांनी दांडा पुन्हा लुगड्यात गुंडाळला, नीट, गाठ मारून. "आगं, माझ्या तोंडातनं कसं निघंल ते? तू म्हणशील म्हणून मी थांबलोतो."

बाहेर दिरानं हॉर्न दिला, कडेगावला जायचं होतं. मालक भिंतीला धरून उठले, गाठोडं माझ्या हातात दिलं आणि जाऊन डाव्या बाजूला बसले.