झाडाशी खोटं बोलू नको

आवळीमावशीबरोबर रिक्षाने अलिबागला जायचं म्हणजे वेळेवर पोचायची आशाच सोडा! रेवदंड्याहून भरलेली रिक्षा निघायची आणि मध्येच मावशी किंचाळायची, "थांबव रं, थांबव!" रिक्षावाला घाबरून ब्रेक मारी, तोवर मावशी बांधावर. वीतभर रोप उपटून, पान उलटं करून, त्याखालची बारीक फळं ती साऱ्यांना दाखवी. "भुईआवळी! सोनं हाय सोनं!" लॉटरी लागलेला माणूसही इतका फुलत नसेल.

मावशी आमची शेजारीण. कावीळ झालेली माणसं भुईआवळीच्या रसासाठी पार काशीदहून तिच्या अंगणात येत. औषध न्यायच्या आदल्या संध्याकाळी रोग्याने परसातल्या रोपाला हळदकुंकू वाहून आमंत्रण द्यायचं, हा जुना रिवाज. त्यात मावशीने स्वतःची भर घातली होती. आपण काय खाल्लं, काय प्यायलो, ते रोपाला मोठ्याने सांगायचं. "डॉक्टरशी खोटं बोललास, बायकोशी बोललास. झाडाशी खोटं बोलू नको," ती बजावायची. आम्ही हसायचो.

मग माझा थोरला भाऊच पिवळा पडला. दादा होड्या रंगवायचा. वहिनीला दिवस गेलेले. दादाने दारू सोडली, डॉक्टरांची औषधं चालू, तरी दर तपासणीत लिव्हर जास्तच बिघडलेलं. मुंबईला हलवावं लागेल, वाचण्याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा आईने मावशीचं दार गाठलं.

दादा कुरकुरत रोपापुढे बसला. मावशी पडवीत तांदूळ पाखडायचं सोंग करत कान लावून होती. "दारू बंद हाय," दादा पुटपुटला. "तळलेलं खात न्हाय. कंबर धरते म्हणून दुखायच्या गोळ्या घेतो, मूठभर. डॉक्टरला सांगितलं न्हाय, काम बंद करायला लावतील."

सूप टाकून मावशी धावली. "मेल्या! एका हातानं इख खातोस आन् दुसरा हात माझ्या पाल्यासाठी पसरतोस? ऊठ आधी!"

तशीच त्याला रिक्षात कोंबून तिने डॉक्टरांपुढे उभं केलं. गोळ्यांची पाकिटं पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. गोळ्या त्या दिवशी बंद झाल्या. "मग आता माझा रस देऊ?" मावशीने विचारलं. "आत्ता काहीच नको, लिव्हर सावरू दे," डॉक्टर म्हणाले. मावशीने ऐकलं. दादाला तिने रसाचा एक थेंबही दिला नाही.

पुढे एका सकाळी तिने दादाला उन्हात ओढलं, पापण्या वर केल्या आणि आळी दणाणून सोडली, "पांढरं झालं गं! कापसावानी पांढरं!" वहिनी पोटावर हात ठेवून रडत होती आणि मावशी तिच्याभोवती चक्क नाचत होती! तसा आनंद मी पुन्हा पाहिला नाही.

मावशी गेल्या वर्षी गेली. तिला मूलबाळ नव्हतं. अग्नी कोणी द्यायचा, अशी कुजबुज सुरू झाली. दादाने कडेवरची लेक वहिनीकडे दिली आणि पुढे झाला.

"मी हाय ना तिचा पोर," म्हणाला, आणि पाण्याचं मडकं खांद्यावर घेतलं.