एक डोकं जास्त

ट्युनिसला जाणाऱ्या विमानांत हवाईसेविका नजला वीस वर्षं डोकी मोजत आली होती. कानांत दडे का बसतात, पंख का हलतात, हे प्रवाशांचे प्रश्न तिला तोंडपाठ. त्या दिवशी मार्सेलहून निघताना यादीत एकशे चाळीस माणसं होती, मोजणीत मात्र एकशे एक्केचाळीस. आकडा जुळल्याशिवाय दार लागत नाही.

"चष्मा लाव, बाई," सोबतचा हिशाम म्हणाला.

पुन्हा तेवढीच.

खिडकीशी बसलेल्या म्हाताऱ्या मबरूका खालांनी तिचा हात धरला. त्यांच्या नवऱ्याची शवपेटी मायदेशी दफनासाठी खालच्या सामानात होती.

"पोरी, खाली गारठा असतो का गं?"

"नाही, खाला."

"मग हे वर का आले?"

शेजारची सीट रिकामी होती. नजलाने एकशे चाळीसवर सही केली आणि त्या सीटचा पट्टा लावला. पट्टा गादीवर पडला नाही, पोटाएवढा वर उचललेलाच राहिला.