पहिल्या मालकाकडची पत्रे

एप्रिलमधल्या एका मंगळवारी सकाळी पावणेदहा वाजता गणेशवाडीच्या फूलबाजारासमोर थांबलेल्या गाडीत आवाज झाला. गाडीत पुढच्या सीटवर बसलेल्या शेठच्या नाकातून रक्त आले. लोकांनी गाडीच्या चालकाला धरले आणि साडेदहाला आमच्या पोलीस ठाण्यात आणून बसवले.

या गोष्टीला वीस वर्षे होत आली. मी तेव्हा नाशिकमधल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. सेवेत याहून मोठी प्रकरणे हाताळली आणि त्यांतली बरीच विसरलो. हे मात्र, जे शेवटी गुन्हा म्हणून नोंदवलेच गेले नाही, ते तपशिलासकट लक्षात आहे. या प्रकरणात माझ्याबरोबर असलेले आमचे हवालदार यंदा गेले. त्यांच्यावर चार ओळी लिहाव्यात म्हणून महिनाभर कागद पुढे घेऊन बसतो आहे. दर वेळी हेच प्रकरण पुढे येते. तेव्हा हेच लिहितो.

बाजारातून आलेला फोन ‘गाडीत बॉम्ब फुटला’ असाच होता. आम्ही पोहोचलो तेव्हा रस्त्यावर झेंडूचा सडा पडला होता. कुणाची टोपली कुणाच्या पायाने उलटली हे भांडण बाजूला चालूच होते. घाबरलेली माणसे पळून जातात असे म्हणतात. इथली माणसे वीस पावले पळाली होती आणि पुढे काय होते ते नीट दिसेल अशा बेताने उभी होती.

गाडी परदेशी बनावटीची, आठ-नऊ वर्षांची. कुठे धडक नाही, ओरखडा नाही. समोरची काच मात्र आतून तडकलेली. डावीकडचा डॅशबोर्ड फाटला होता आणि त्यातून पांढरी कापडी पिशवी लोंबत होती. सगळीकडे पांढरी भुकटी आणि जळका वास. बॉम्बशोधक पथक आले. त्यांच्या कुत्र्याने गाडीत डोके घातले, दोन शिंका दिल्या आणि झेंडूत जाऊन बसले. पथकाचे अधिकारी वाकून बघत म्हणाले, “बॉम्ब नाही. एअरबॅग आहे.” जमलेल्या लोकांचा विरस झालेला स्पष्ट दिसला.

धडक बसली की फुगा फुगतो आणि माणसाचे तोंड वाचते, ही सोय तेव्हा आपल्याकडे थोड्याच गाड्यांत असे. खुद्द शेठला आपल्या गाडीत असा फुगा आहे याचा पत्ता नव्हता. डॅशबोर्डवर त्यांनी मखमली कापड घातले होते आणि त्यावर चांदीचा गणपती चिकटवला होता.

निघताना पथकाचे अधिकारी मला म्हणाले, “पण धडकेशिवाय हा उघडत नाही. कुणीतरी वायरिंगला हात लावलेला असणार.”

मी ते शब्द जसेच्या तसे डायरीत उतरवले.

शेठ निफाडकडचे द्राक्षांचे व्यापारी. दवाखान्यात नाकावर पट्टी बांधून बसले होते. त्यांचा जबाब मी तिथेच घेतला.

“काल यानं मला सांगितलं, नोकरी सोडतो. ऐन हंगामात! मी चार लोकांत बोललो त्याला. आज सकाळी रोजच्यासारखा हार आणला, मी गणपतीला घातला. गरम व्हायला लागलं म्हणून म्हटलं एसी लाव. यानं बाहेरूनच खिडकीतून हात घातला, चावी फिरवली, आणि धाडकन तोंडावर बसली! यानंच केलं हे साहेब. आणि माझा गणपती कुठाय? चांदीचा हाय तो!”

गणपती खरोखरच जागेवर नव्हता. छेडछाड, दुखापत आणि वर चोरी, असे तीन आरोप झाले. शेठचे म्हणणे एकच होते, आजच्या आज गुन्हा दाखल करा.

ठाण्यात परतलो तर हवालदार दारातच उभे होते. त्यांच्याकडे गोपनीय शाखेचे काम होते. पासपोर्टची आणि सरकारी नोकरीसाठी लागणारी चारित्र्य पडताळणी ते करत. हातात एक कागद होता.

“साहेब, जरा इकडं या. बाकावर बसलाय ना, त्याचाच कागद आहे हा. एस.टी.त चालक म्हणून निवड झालीय त्याची. पडताळणी शुक्रवारी पाठवायचीय. आज गुन्हा दाखल झाला तर मला तसं लिहावं लागेल, आणि तसं लिहिलं की संपलं त्याचं.”

“तुमचं काय मत आहे?”

“माझं मत लिहायला या नमुन्यात रकानाच नाही, साहेब.”

मी वरिष्ठ निरीक्षकांना सगळे सांगितले. त्यांनी घड्याळाकडे पाहिले, मग कॅलेंडरकडे. “स्टेशन डायरीला नोंद घ्या. शेठला सांगा, चौकशी चालू आहे. गुरुवार संध्याकाळपर्यंत काय ते एक ठरवून माझ्याकडे या. त्यानंतर मी थांबवू शकणार नाही.”

चालक तिशीचा होता. घर मखमलाबादच्या बाजूला, बाप आणि भाऊ फुलांची शेती करणारे. चहा पुढे ठेवला तर त्याने कप हातात धरून ठेवला, प्यायला नाही. दोनदा विचारले, “साहेब, गाडीची काच उघडी ऱ्हायलीय, सावलीत लावलीय ना?” अडकलेला माणूस सहसा स्वतःचे पुढे काय होणार ते विचारतो. हा गाडीचे विचारत होता. मी ते मनात नोंदवून ठेवले.

“गाडीच्या वायरींना हात लावला होतास?”

“लावला व्हता.”

माझ्या शेजारी बसलेल्या लेखनिकाने मान वर केली.

“कधी?”

“आठ दिस झालं. हॉर्न वाजत नव्हता. फ्यूज बदलला मी. म्हंजी माझ्याच हातनं झालं, साहेब. लिवा तुमी तसं.”

लेखनिकाने पेन उचलले. इतक्या लवकर कबुली मिळण्याची आम्हाला सवय नव्हती. हवालदार दाराशी टेकून ऐकत होते, ते पुढे आले.

“अरे थांब जरा. फ्यूज बदलला तर काय झालं?”

“मामा, मी हात लावायच्या आधी असं झालं नव्हतं ना कधी.”

“आधी तर हॉर्नपण वाजत नव्हता!”

“तसं नाय मामा. गाडी माझ्या हातात हाय तर गाडीत काय हाय ते मला ठावं पायजे. शेठचा डोळा गेला असता म्हंजी?”

मी विचारले, “शेठ चार लोकांत बोलले तेव्हा राग आला होता का?”

“आला ना. लय आला. पण राग आला म्हून मानूस काम सोडतो, साहेब. फुगा कशाला फोडंल?”

“आणि गणपती?”

“त्याला रोज आमच्याच मळ्यातला हार आणतो मी,” एवढेच तो म्हणाला.

मी लेखनिकाला पेन खाली ठेवायला सांगितले. त्याने कबूल केलेली गोष्ट त्याला माहीत नव्हती, त्याला तशी फक्त भीती वाटत होती. कागदावर दोन्ही सारखेच दिसते. मी त्याला घरी पाठवले, उद्या परत ये म्हणून सांगितले. बुधवारी आणि गुरुवारी, दोन्ही दिवस, आम्ही ठाण्यात यायच्या आधीच तो बाकावर येऊन बसलेला असे.

बुधवारी ठाण्याच्या आवारात दोन पंचांसमोर गाडीचा पंचनामा केला. हवालदारांनी बूट काढून ठेवले.

“हे काय?” मी विचारले.

“देव शोधायचाय ना, साहेब.”

पुढच्या सीटखाली काही नव्हते, डिकीत नव्हते. मग त्यांनी मागच्या सीटच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिथेच थांबले. कापड बोटभर फाटले होते. आत फोममध्ये गणपती रुतून बसला होता, सोंड पुढे करून. डॅशबोर्डवरची त्याची जागा आणि ते भोक यांच्यामध्ये आम्ही दोरी धरली. शेठच्या सीटवर लेखनिकाला बसवले. दोरी त्याच्या उजव्या कानाजवळून गेली. लपवलेली वस्तू अशी रुतत नाही. चोरीचा आरोप तिथेच संपला.

हे ऐकल्यावर शेठनी उजवा कान चाचपून पाहिला आणि हात जोडले. “देवानं वाचवलं.”

“वाचवलं, शेठ,” हवालदार म्हणाले. “पण परत तिथं बसवू नका त्यांना. मागची सीट पसंत पडलेली दिसतेय.”

तरी छेडछाडीचा आरोप शिल्लकच होता. पंचनाम्यासाठी मी गाडीची कागदपत्रे मागितली, तर नोंदणी पुस्तकावर भलत्याच माणसाचे नाव. कॉलेज रोडवर राहणारे एक निवृत्त डॉक्टर.

“त्यांनी एका बिल्डरला विकली, बिल्डरकडून मी घेतली,” शेठ म्हणाले. “सह्या केलेले फॉर्म हायेत ना माझ्याकडं. नावावर करायचं तेवढं ऱ्हाऊन गेलं.”

“किती वर्षं राहून गेलं?”

“चार,” शेठ पुटपुटले.

आपल्याकडे हे सर्रास चालते. विकणारा कोऱ्या फॉर्मवर सही करून मोकळा होतो, घेणारा तो फॉर्म गाडीच्या खणात ठेवतो. गाडी हातोहात फिरत राहते आणि सरकारी दप्तरात पहिला मालकच ती चालवत असतो. मी डॉक्टरांकडे गेलो तो निव्वळ कागद पुरे करायला. यातून काही निघेल असे मनातही नव्हते.

गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी दार उघडले. पोलीस पाहून ते गोंधळले. “माझ्या नावावर? अहो, ती गाडी विकून सहा वर्षं झाली!”

आतून त्यांच्या पत्नी आल्या. “मी म्हणत नव्हते? पत्रं येताहेत त्या अर्थी गाडी अजून आपलीच आहे.”

“कसली पत्रं?” मी विचारले.

“गाडीच्या कंपनीची. तीन आली. हे म्हणाले, जाहिरात असेल, टाकून दे.”

“ही काहीही टाकत नाही, इन्स्पेक्टर,” डॉक्टर म्हणाले. “आमच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा फुगासुद्धा घरात आहे.”

“आज उपयोगी पडलं ना?”

“फुगा?”

“पत्रं! गप्प बसा तुम्ही.”

बाईंनी कपाटातून तीन पाकिटे काढून दिली. एकही फोडलेले नव्हते. त्यांच्या परवानगीने मी पहिले फोडले आणि जेवणाच्या टेबलाशी उभा राहूनच वाचले. मजकूर इंग्रजीत, थोडक्यात होता. अमुक काळात बनलेल्या गाड्यांत एअरबॅग चालवणाऱ्या पेटीत ओल शिरण्याचा दोष आढळला आहे. त्यामुळे चावी फिरवताच, कुठलीही धडक न बसता, पुढच्या सीटचा फुगा उघडू शकतो. गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये आणावी, पेटी विनामूल्य बदलून दिली जाईल. खाली चासी क्रमांक होता. बाईंनी तो मोठ्याने वाचला आणि मी पंचनाम्यातल्या क्रमांकाशी एकेक अंक ताडून पाहिला. शेवटचा अंक जुळला तेव्हा मी खुर्चीवर बसलो. बाईंनी न विचारता पाणी आणून दिले.

दुपारी मोटार वाहन निरीक्षकांनी ती पेटी उघडली. आत हिरवट गंज चढला होता आणि कापसाने पुसल्यावर कापूस ओला झाला.

“पाणी आलं कुठून?” मी विचारले.

“एसीचं असेल, गाडी धुताना गेलं असेल, नाहीतर रोजच्या ओल्या हाराचं असेल. नक्की नाही सांगता येणार.”

“आणि हॉर्नचा फ्यूज?”

ते हसले. “त्याचा काय संबंध? त्याची वायरच वेगळी.”

हवालदारांनी बाकाजवळ जाऊन ते चालकाला सांगितले. तो उठून उभा राहिला. “संबंध नाय?” त्याने विचारले. “नाही,” हवालदार म्हणाले. “कायच संबंध नाय?” “अरे नाही म्हटलं ना! लिहून देऊ का?” मग तो खाली बसला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा चहा मागितला.

संध्याकाळी वरिष्ठांच्या खोलीत शेठना बोलावले. पत्राचा अर्थ मी मराठीतून सांगितला.

“म्हणजे कंपनीनं कळवलं होतं. मला सोडून,” शेठ म्हणाले.

“गाडी तुमच्या नावावर असती तर तुम्हालाच कळवलं असतं,” वरिष्ठ म्हणाले.

शेठ चालकाकडे वळले. माफी मागणे त्यांच्या सवयीत नसावे. ते म्हणाले, “ऱ्हा की रे माझ्याकडंच. एस.टी.त काय ठिवलंय?”

“शेठ, एस.टी.ला फुगा नसतोय.”

वरिष्ठांसकट सगळे हसले. शेठही हसले आणि लगेच नाक धरून “आई गं” म्हणाले.

शुक्रवारी सकाळी हवालदारांनी पडताळणीचा नमुना भरला. ‘सदर इसमाविरुद्ध या पोलीस ठाण्याच्या अभिलेखावर प्रतिकूल असे काही आढळून आले नाही.’ अक्षर त्यांचे मुळातच चांगले, त्या दिवशी जरा जास्तच सावकाश लिहिले. पाकीट नेहमीच्या डाकेत न टाकता ते सायकलवर टांग टाकून स्वतः देऊन आले. मला सांगितले, त्याच बाजूला काम होते. तसे काही काम नव्हते.

या प्रकरणाने मला काय शिकवले, हे मी नंतर अनेकदा स्वतःला विचारले. वाहनाच्या कुठल्याही प्रकरणात मी आधी नोंदणी पुस्तक मागू लागलो, हा झाला व्यवहाराचा भाग. दुसरे सांगायला जरा कठीण आहे. कंपनीने पत्र पाठवले होते, पोस्टमनने पोहोचवले होते, बाईंनी ते जपून ठेवले होते. तरी ते ज्याच्यासाठी होते त्याच्यापर्यंत गेले नाही, आणि दोष आला तो त्या वेळी चावीवर ज्याचा हात होता त्याच्यावर. आणि त्यालाही ते पटले होते. मी मंगळवारीच त्याचा जबाब लिहून घेतला असता तर कायद्याने त्यात काहीही चुकले नसते. हवालदारांनी ‘तर काय झालं?’ एवढे विचारले म्हणून मी थांबलो. ही गोष्ट मी त्यांना ते असताना सांगायला हवी होती.

ते जुने ठाणे आता पाडले आहे. चौकशीचे कागद मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे नष्ट झाले. शेठ गेले, डॉक्टर गेले, आणि आता हवालदार. चालक नाशिक–मनमाड गाडीवर आहे. त्याची अजून आठ वर्षे नोकरी शिल्लक आहे.