व्याहीबुवांचा लॉग

काहीतरी बिघडलं की ज्याच्या चेहऱ्यावर तेज चढतं असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा निघाला. लग्नाच्या दिवशी जनरेटर बंद पडला. मी घामाघूम होऊन पाहुण्यांपुढे हात जोडत फिरत होतो आणि हे गृहस्थ फेट्यासकट जनरेटरपाशी उकिडवे बसून त्या माणसाला विचारत होते, "भैया, बंद होने से पहले आखिरी बार क्या छेड़ा था?" जगाला विचारायचा त्यांचा हा एकच प्रश्न. वरण पातळ झालं तरी तोच, नातू रडला तरी तोच. माझी मुलगी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, मला ताप आला तर ते आधी थर्मामीटर तपासतात!"

बँकेच्या कंप्यूटर विभागातून रिटायर झाल्यावर व्याहीबुवांनी आमच्या मंडळाच्या यात्री निवासाची वेबसाइट हौसेनं बनवून दिली. महाकालाच्या दर्शनाला येणारी मंडळी घरबसल्या खोली बुक करू लागली. मी मंडळाचा सचिव, म्हणून मला समोर बसवून त्यांनी सगळं समजावलं. तयार फ्रेमवर्क म्हणजे भाड्यानं आणलेला मांडव. खांब त्यांचे, कार्य आपलं. मला म्हणाले, "आणि व्याहीबुवा, आत काही गडबड झाली तर सर्व्हर बाहेर फक्त पाचशे हा आकडा दाखवतो. खानदानी आहे तो. घरातलं भांडण पाहुण्यांना सांगत नाही." मग खरं भांडण कळायचं कुठून? तर लॉगमधून. सर्व्हर आपली प्रत्येक चूक तिथं मुकाट्यानं लिहून ठेवतो.

हा लॉग ते पोथीसारखा मोठ्यानं वाचत, तोही शेवटून वर. फ्रीगंजमधल्या आमच्या ऑफिसात काउंटरवर यात्री ताटकळलेले, एखादा ओरडतोय, "दादा, साइट खुल नी री!" आणि हे प्रसन्न मुद्रेनं त्याच्याकडे वळून, "खुलेगी, भैया, खुलेगी. पहले सुन तो लो बेचारी क्या बोल रही है!" घाईघाईनं बंद करून चालू करणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग. म्हणत, "तशानं चूक पळून जाते हो. तिची गाठभेट व्हायला नको?" आणि तपासाचा पहिला नियम असा, की 'मी काहीच केलं नाही' असं जो सर्वांत आधी म्हणेल, त्याच्यापासून सुरुवात करायची. चूक सापडली की मात्र ज्याची असेल त्याला ते स्वतः चहा पाजत.

महाशिवरात्रीच्या थोडं आधी त्यांना बहिणीच्या ऑपरेशनसाठी पुण्याला जावं लागलं. तेवढ्यात यात्री निवासाचा फोन नंबर बदलला. त्यांनी तिथूनच मला सेटिंगची फाइल कशी उघडायची ते सांगितलं. "जुना खोडा, नवा लिहा, बस. मी आल्यावर सर्व्हर पुन्हा चालू करीन, तेव्हा तो लागू होईल." मी चष्मा पुसून ते काम चोख केलं.

ते परतले त्याच दिवशी कार्यकारिणीची सभा होती. विषय एकच: साइट व्याहीबुवांकडे ठेवायची की इंदूरच्या एका कंपनीला द्यायची. अध्यक्षांचा कल कंपनीकडे होता. व्याहीबुवा म्हणाले, "आधी नवा नंबर लागू करतो, मग सगळं दाखवतो." सर्वांसमोर त्यांनी सर्व्हर पुन्हा चालू केला. भिंतीवरच्या पडद्यावर पाचशेचा आकडा उमटला.

त्यांचा चेहरा नेहमीसारखा खुलला. लॅपटॉपवर लॉग उघडला, वाचायला तोंडही उघडलं आणि मिटलं. मी शेजारीच होतो, मला दिसलं. मी बदललेल्या सेटिंगच्या फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत, यंत्राला न समजणाऱ्या जागी, लिहिलं होतं: ॥ श्री ॥. शाळेपासून आजवर त्याशिवाय मी कुठल्या लिखाणाला हात घातलेला नाही. बोटांनी सवयीनं टाईप केलं असणार.

"काय झालं, साहेब?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझ्या हातून चूक झाली," व्याहीबुवा म्हणाले. सुनेच्या बापाला चारचौघांत कसं उघडं पाडायचं! दोन मिनिटांत साइट सुरू झाली, पण अध्यक्ष हसून म्हणाले, "बघा, यांना स्वतःचंच सांभाळता येत नाही." साइट कंपनीकडे गेली. मी गप्प बसून राहिलो. आजही मंडळात कुणी नवशिक्यानं घोळ घातला की व्याहीबुवांचं नाव घेऊन हसतात, म्हणून हे सगळं लिहितो आहे. साइट त्यांनी नव्हे, मी पाडली.

गेल्या आठवड्यात राम घाटावर त्यांना गाठलं आणि सांगून टाकलं. ते हसायलाच लागले. "अहो, त्यात काय! दोन्हीकडे दोन-दोन दंड देऊन श्री लिहिणारा आमच्यात दुसरा आहे कोण?"

"मग पुसताना शिव्या घातल्या असतील मला."

"पुसला नाही. श्री कसा पुसणार? त्याच्या आधी एक खूण टाकली. ती दिसली की यंत्र तेवढी ओळ सोडून पुढे जातं."

मी म्हणालो, "कार्यकारिणीला सगळं सांगतो. साइट परत घ्या तुम्ही."

ते क्षिप्रेकडे वळले. मग हळूच विचारलं, "ती कंपनीवाली मुलं लॉग वाचतात का हो?"

"छे! काही अडलं की बंद करून चालू करतात."

"अरेरे," व्याहीबुवा म्हणाले, "म्हणजे सर्व्हर बिचारा एकटाच बसून लिहीत असेल."