वरून गोल दिसणारे कण

मंडळी, आज जे झालं ते इथेच लिहिते.

तीन वर्षं मी क्वांटम डॉट बनवतेय, म्हणजे सेमीकंडक्टरचे इतके बारीक कण की साध्या मायक्रोस्कोपखाली त्यांचा आकार कळतच नाही. ते गोल आहेत असं धरून अख्खा थिसिस लिहून झालाय. आज दुपारी इथे नाशिकमध्येच इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर तासभर वेळ मिळाला.

पहिलाच फोटो सुंदर आला. सगळे गोल! मी तर उठायलाच निघाले होते.

मशीन चालवणारे भोयेकाका हरसूलचे. म्हणाले, "मॅडम, नागलीची भाकरी पण वरनं गोलच दिसती. जरा तिरकं करून बघायचं का?"

दहा मिनिटं उरली होती. नको म्हणाले असते तर कुणालाच कळलं नसतं. मी म्हणाले, "करा."

नमुना कलत गेला तसे पडद्यावरचे गोल चपटे होत गेले. चेंडू कुठूनही गोलच दिसतो. माझ्या तर चकत्या निघाल्या.

तेवढ्यात गाईडसरांचा मेसेज आला, "आले ना गोल?"

मी दोन्ही फोटो पाठवले. निळ्या टिक्स आल्यात.

खरं सांगा, तुम्ही काकांना "करा" म्हणाला असता?