आपली बाटली कोणती

आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही, आणि वाइनची परीक्षा घ्यायची वेळ नेमकी माझ्यावर आली. मी राजापेठेत केमिस्ट्रीच्या शिकवण्या घेते ना, म्हणून बाबांच्या मते ते माझंच काम.

झालं असं, की बाबांनी वलगावच्या शेतात संत्र्याच्या बागेशेजारी वाइनच्या द्राक्षाचे वेल लावले. दोन जातींच्या संकरातून काढलेली काळी द्राक्षं, रोगाला सहसा दाद न देणारी. पण बाबांचा हात संत्र्याचा. बहरासाठी संत्र्याचं पाणी तोडतात, तसं त्यांनी वेलांचंही तोडलं. द्राक्षं वाटाण्याएवढीच राहिली. रोपं देणाऱ्या नाशिकच्या वाइनवाल्यानं फोनवर कपाळाला हातच लावला असेल. तरी बिचाऱ्यानं आमच्या द्राक्षांची वाइन करून पाठवली, आणि ताडून बघायला त्याच जातीची स्वतःची एक बाटली. आपली वाईट निघाली तर वेल उपटायचे, हे बाबांनी ठरवून टाकलं होतं. तीन वर्षं लेकरासारखे सांभाळलेले वेल.

आईनं काय करावं? दारू घरात घ्यायची म्हणून दोन्ही बाटल्या आधी अंगणात खसखसून धुतल्या. वरच्या चिठ्ठ्या गेल्या वाहून.

"आता यातली आपली कोनती?" मी विचारलं.

"मले काय ठाव," आई म्हणाली. "तूच पी अन् सांग."

मी दोन्ही प्यायले. एक आंबट, एक तुरट. की दोन्ही आंबट? परत प्यायले, तर आणखीनच घोळ. मुळात चांगली वाइन कशी लागते हेच मला माहीत नव्हतं, आणि बाबा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. मला रडूच यायला लागलं. त्यातल्या त्यात जी घशाखाली उतरली तिच्यावर बोट ठेवलं. "हे आपली. चांगली झाली."

बाबांनी दोन्ही बाटल्या उचलून ठेवल्या. वेल राहिले.

वर्षभर ते खोटं मला खुपत होतं. परवा शेतात शेवटी सांगून टाकलं, की बाबा, मी तेव्हा अंदाजानं ठोकून दिलं होतं.

"मले ठाव हाय," छाटणी करता करता ते म्हणाले. "आपल्या बाटलीच्या बुडाचा टवका उडाला होता, चिठ्ठी होती तवाच पाह्यला म्या. तू दुसरी दाखवली."

"मंग वेल काहून ठेवले?"

"नाशिकवाल्याची पिऊनही तुयं तोंड तसंच वाकडं झालं होतं. मंग आपलेच काहून उपटू?"