शुक्रवारचा प्रिंटर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी घरात लेझर प्रिंटर आणला आणि हौसेने डोक्याला ताप लावून घेतला. शाळांच्या प्रश्नपत्रिका घरी टाइप करून छापून द्यायचं काम मी नुकतंच सुरू केलं होतं. पहिल्याच महिन्यात प्रिंटर असा बारीक, चिरका आवाज काढू लागला की दात शिवशिवावेत. आत काहीतरी झिजत होतं, हे उघड होतं. वार्षिक परीक्षा तोंडावर, गॅरंटी जेमतेम तीन महिन्यांची. ऐन कामात तो बंद पडला असता, तर पुन्हा कुठली शाळा मला विचारणार होती?

आमच्या खाली तळमजल्यावर यंत्रमाग. ते चालू असले की आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नसे, तिथे प्रिंटरची काय कथा! प्रिंटर विकणारा दुकानदार भिवंडीतल्याच धामणकर नाका भागातला, माझ्या सासऱ्यांचा शाळेतला जुना विद्यार्थी. दोनदा येऊन प्रिंटरला कान लावून गेला. "आवाज न्हाय वहिनी. मशीन चांगली हाय." लाइट गेली की माग थांबायचे, पण मग प्रिंटरही थांबायचा. कपाळावर हात मारून घ्यायचा, दुसरं काय!

उरला शुक्रवार. त्या दिवशी भिवंडीतले माग बंद, पण त्याचं दुकानही बंद. तो जवळच्या वडपे गावी आपल्या शेतावर. "सरांनी नुसतं सांगावं आवाज येतो म्हणून, डोळे झाकून बदलून देतो," म्हणाला. एका शुक्रवारी मी सासऱ्यांना प्रिंटरशेजारी बसवलं. प्रिंटर कोकलत होता आणि सासरे शांतपणे म्हणतात, "मला तर काही ऐकू येत नाही. खोटं कसं सांगू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुनेचं हे काम त्यांना पसंत नाही, म्हणून हा आडमुठेपणा, अशी माझी खात्रीच झाली. आठवडाभर मी भांडी आपटत होते.

शेवटी रागारागाने दुकानदाराला निरोप धाडला, शेत सोडून शुक्रवारी स्वतः येऊन ऐक म्हणून. पुढच्या शुक्रवारी तो आला, तेव्हा मी मुद्दाम प्रश्नपत्रिका छापायला लावून ठेवल्या होत्या. सासऱ्यांनी "ये, बस" म्हटलं आणि खिडकीकडे तोंड करून पेपर उघडला. दुकानदाराने कानांवर हात ठेवले. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "अरे देवा, ह्यो आवाज! उद्याच बदलून देतो वहिनी."

मी जिंकल्याच्या तोऱ्यात सासऱ्यांकडे पाहिलं. प्रिंटर किंचाळतच होता.

"अगं, आलाय ना तो?" पेपरमधून मान न काढता ते म्हणाले. "मग सुरू कर की तुझं मशीन. ऐकू दे त्याला."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यांचा सगळा जन्म या मागांच्या वर, त्या खडखडाटात गेलेला. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी हात लांब करून प्रिंटर बंद केला.

"करते हं, बाबा," मी म्हटलं.